सिंकखालची बाटली

तिसऱ्या रांगेत ट्यूबलाइट लुकलुकते.
चष्मा घरी राहिलाय, म्हणून
बाटली हात लांब करून धरते मी,
दुसऱ्याचं ओलं झालेलं बाळ धरावं तशी.

पुढून हिरवं पान. पानावर दवाचा थेंब.
मागे मुंग्यांची रांग.
मुंग्या काय म्हणतात ते कधी कळलं नाही;
एकोणतीस वर्षं मी पानंच वाचत आले.

एकोणतीस वर्षं, वाल्पराइसोच्या टेकड्यांवर,
लोकांचे जिने, लोकांची न्हाणीघरं,
तीन हॉटेलं, एक दंतवैद्य,
आणि ती जर्मन विधवा, जी म्हणायची,
"वास आला पाहिजे, दोन्या एदुविहेस,
वास आला की कळतं, साफ झालंय."
वास यायचा. त्याला लॅव्हेंडर म्हणत.
खरं लॅव्हेंडर मी पाहिलं पन्नाशीला,
एका कुंपणापाशी. हुंगलं.
म्हटलं, छे, हे तर भलतंच काहीतरी.

मग तो मंगळवार.
दंतवैद्याच्या संडासातला पिवळा डाग हटेना,
म्हणून एकावर दुसरं ओतलं.
दोन्ही बाटल्यांवर पानं होती.
आधी डोळे गेले, मग छाती.
जिन्यात पडून राहिले,
बोटीच्या तळाशी मासा पडून राहतो तशी.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय मिसळलंत?
मी म्हटलं, स्वच्छता.

खोकला राहिला.
आता तो घरातलाच झालाय,
जेवायला आमच्या आधी बसतो.

आज सोबत शेजारची यस्ना आहे,
औषधांच्या दुकानात कामाला, डोळे घारीचे.
ती मुंग्या वाचते, एकेकीवर बोट ठेवत,
पाद्री मेलेल्यांची नावं वाचतो त्या आवाजात.
"हे नको. हे फुप्फुसाला. हे माशांना.
आणि हे नुसतं 'सुगंध' लिहिलंय."
सुगंध. एवढ्याशा शब्दाच्या खोलीत
कितीजण राहतात दाटीवाटीनं, आतून कडी लावून.
"आणि हे, 'नैसर्गिक'?"
"नैसर्गिक तर कोपऱ्यातला कोळीसुद्धा असतो, दोन्या,
चावला की मांस काळं पडतं."

मग हिशेब. चांगली बाटली दुपटीला.
माझ्या पेन्शनीत दुप्पट म्हणजे
दोन किलो मसूर, किंवा गॅसचा पाव आठवडा.
यस्ना ओशाळते, जणू किंमत तिनंच चिकटवली.
शेवटी घेतो ते असं: बिनवासाची साबणाची वडी,
खाण्याचा सोडा, पांढरं व्हिनेगर,
आणि उताराखालच्या दुकानातून
पिंपातलं, मापानं मिळणारं भांड्यांचं पाणी,
वाइनच्या रिकाम्या बाटलीत.
(नवरा असता तर हसला असता:
अखेर तुझ्याही हाती बाटली आली!)

घरी फरशी पुसली.
वास नाही. कसलाच नाही.
मग मलाच शंका, साफ झालंय ना?
गुडघे टेकले, नाक खाली नेलं.
लाकूड. थोडं ओलं. खिडकीतून आलेला समुद्र.
नातू बालताझार रांगत आला,
त्याच फळीला त्यानं जीभ लावली
आणि तोंड वाकडं केलं,
आंबट लागल्यावर करतात तेवढंच.

उरली सिंकखालची बाटली, अर्धी.
मोरीत ओतू? मोरी समुद्राला जाते.
शेजारणीला देऊ? तिलाही छातीच आहे.
कचऱ्यात टाकू? कुत्री पिशव्या फाडतात.
यस्ना म्हणाली, पालिका कधीतरी गोळा करते,
कधी ते विचारून सांगते.
"तोवर व्हिनेगरपासून लांब ठेवा.
त्या दोघींची भेट नको."

तर ती वर, माळ्यावरच्या पेटीत, कुलपात,
आणि ही खाली, चुलीशेजारी:
एका घरातल्या दोन अबोल जावा.
रात्री खोकला उठतो. मी दिवा लावत नाही.
पडल्या पडल्या आठवून पाहते,
तिचं झाकण मी घट्ट लावलं होतं ना.